मॅच कधी आहे, हे लोकांना कळलं तर पाहिजे

स्थानिक फुटबॉल क्लबच्या प्रसिद्धीचं काम हातात घेतलं की पहिल्याच बैठकीत नवा लोगो, रील्स आणि जाहिराती यांची चर्चा सुरू होते. आम्ही हंगामाची सुरुवात एका साध्या चाचणीने करतो. क्लबशी काही संबंध नसलेल्या चार-पाच जणांना बसवायचं आणि पुढची मॅच कधी, कुठे, किती वाजता, कोणाशी आहे हे स्वतःच्या फोनवर शोधायला सांगायचं. क्लबच्या माणसाने मध्ये बोलायचं नाही, नुसतं बघायचं. बहुतेक वेळा दिसतं ते असं: पेजवर सगळ्यात वर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याखाली मागच्या मॅचचे फोटो, वेळापत्रक केव्हाच खाली गेलेलं, आणि नकाशावरची खूण मैदानाच्या मागच्या, कायम बंद असलेल्या फाटकावर. ज्याला अर्ध्या मिनिटात उत्तर मिळत नाही तो क्लबला फोन करून विचारत बसत नाही. तो येतच नाही. म्हणून आधी हे दुरुस्त करायचं, बाकी सगळं नंतर.

दुरुस्तीला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. वेळापत्रक एकाच ठिकाणी ठेवायचं आणि बाकी सगळीकडून त्याच ठिकाणाकडे बोट दाखवायचं. आम्ही सामायिक ऑनलाइन कॅलेंडर वापरतो. एकदा ते आपल्या फोनमध्ये जोडून घेतलं की तारीख बदलल्यावर चाहत्याच्या फोनमध्येही ती आपोआप बदलते, फक्त बदल दिसायला काही तास लागू शकतात. प्रत्येक पेजच्या परिचयात त्याची लिंक, आणि सगळ्यात वर पिन केलेली एकच पोस्ट: पुढची मॅच. मॅच संपल्यावर ती पिन बदलणं हे एका ठरावीक माणसाचं काम असतं. ‘जो मोकळा असेल तो करेल’ म्हटलं की कोणीच करत नाही. नकाशावरची खूण सुरू असलेल्या प्रवेशद्वारावर लावायची आणि त्या दाराचा फोटोही टाकायचा, म्हणजे नवीन माणूस भिंतीला वळसा घालत फिरत नाही.

पोस्टमध्ये ‘आज’, ‘उद्या’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द आमच्याकडे बंद आहेत. सोशल मीडियावरची पोस्ट लोकांना ती टाकल्याच्या क्रमाने दिसत नाही. शुक्रवारची पोस्ट कोणाला रविवारी रात्री दिसते, आणि ‘उद्या मॅच’ वाचून तो सोमवारी रिकाम्या मैदानावर पोहोचतो. वार, तारीख, महिना आणि वेळ या चारही गोष्टी दरवेळी लिहायच्या. पोस्टरच्या चित्रावर वर्षही टाकायचं, कारण चित्र एकदा फॉरवर्ड व्हायला लागलं की मागच्या हंगामातलं पोस्टरसुद्धा पुन्हा फिरायला लागतं. वेळ लिहिताना मॅच सुरू होण्याची वेळ आणि फाटक उघडण्याची वेळ वेगळी लिहायची.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मॅच पुढे ढकलली जाते तेव्हा. पावसाने मैदान खेळण्याजोगं राहत नाही, रेफ्री पाहणी करून निर्णय देतात, आणि तोवर निम्मे लोक वाटेत असतात. इथे क्रम आधीच ठरलेला हवा. पाहणी होणार असेल तर सकाळीच ‘इतक्या वाजता पाहणी, इतक्या वाजता निर्णय कळवू’ असा निरोप जातो. दिलेल्या वेळेला निर्णय झालेला नसला तरी ‘अजून निर्णय नाही, पुढची माहिती अमुक वाजता’ असं कळवायचंच. मॅच पुढे ढकलली गेली की जुन्याच पोस्टरवर जाड तिरकी पट्टी मारून ‘सामना पुढे ढकलला’ लिहायचं आणि तेच चित्र सगळीकडे टाकायचं. लोकांच्या डोळ्यांसमोर जुनं पोस्टर असतं. त्याच पोस्टरवर ती पट्टी दिसली की एका क्षणात कळतं. मूळ पोस्ट काढून टाकायची नाही, तिच्यातच बदल करायचा, कारण ती आधीच शेअर झालेली असते आणि काढली की त्या लिंकवर आलेल्या माणसाला काहीच सापडत नाही. आणि एक माणूस मैदानाच्या दारात उभा करायचा, ज्यांना निरोप पोहोचला नाही त्यांच्यासाठी. असा दारातून परत गेलेला माणूस पुढच्या मॅचला येईल की नाही, हे त्या दोन मिनिटांत त्याच्याशी कोणी नीट बोललं का यावर बरंच अवलंबून असतं.

निरोप पोहोचवायला व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यात हुकमी, पण त्यातला कोणता प्रकार कशासाठी वापरायचा हे समजून घ्यावं लागतं. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि शुभेच्छा, वादविवाद, भलतेच फॉरवर्ड यांत मॅचची वेळ हरवते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी क्लबचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. यादी भरलेली आणि निरोप मात्र थोड्यांनाच पोहोचलेला, असं होण्याचं कारण बहुधा हेच असतं. २०२३पासून चॅनेलची सोय आली. तो एकतर्फी असतो आणि फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. जाहीर माहितीसाठी चॅनेल, स्वयंसेवकांसाठी ग्रुप, अशी विभागणी आम्ही ठेवतो. चॅनेलवर आठवड्याला तीन-चार निरोपांच्या वर जायचं नाही. त्याहून जास्त झाले की लोक चॅनेल सोडत नाहीत, म्यूट करतात, आणि म्यूट केलेला माणूस आकड्यात दिसत राहतो, मैदानावर दिसत नाही.

मॅचच्या आठवड्याला एक लय असते. मॅचच्या तीन-चार दिवस आधी पोस्टर. दोन दिवस आधी एखादा खेळाडू किंवा प्रतिस्पर्धी संघाबद्दल काहीतरी, म्हणजे या मॅचमध्ये बघण्यासारखं काय आहे ते. आदल्या संध्याकाळी निरोप: वेळ, जागा, प्रवेश, वाहन कुठे लावायचं. मॅचच्या तासभर आधी खेळणारे अकरा आणि बदली खेळाडू. मग गोल, मध्यंतर, निकाल. निकाल शेवटच्या शिट्टीनंतर पाच मिनिटांत गेलाच पाहिजे, आणि पाच गोलांनी हरलो तरी तो जिंकल्यासारखाच तत्परतेने टाकायचा. हरल्यावर गप्प बसणाऱ्या क्लबवर चाहत्यांचा विश्वास राहत नाही. निकाल काय लागला हे त्यांना दुसऱ्या संघाच्या पेजवर जाऊन बघावं लागलं की ते तिकडचेच वाचक होतात. रात्रीपर्यंत फोटो, दुसऱ्या दिवशी आलेल्यांचे आभार आणि त्याच पोस्टमध्ये पुढच्या मॅचची तारीख. पोस्टर आणि निकालाच्या कार्डांचे साचे हंगामाआधी तयार करून ठेवले की ऐन मॅचमध्ये फक्त नावं आणि आकडे बदलायचे राहतात. हे केलं नाही तर प्रसिद्धी सांभाळणारा माणूस पहिले तीन-चार आठवडे झपाट्याने काम करतो आणि मग थकून सोडून देतो.

पोस्टरवर दुरून आधी काय वाचता आलं पाहिजे, याचं उत्तर एकच: कोण विरुद्ध कोण, आणि केव्हा. प्रत्यक्षात मात्र क्लबचं पूर्ण नाव, पदाधिकाऱ्यांची नावं आणि प्रायोजकांचे लोगो यांनी निम्मी जागा जाते आणि वेळ खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात उरते. प्रायोजकांचे लोगो खालच्या एका पट्टीत, सगळे सारख्या उंचीचे, एवढंच. भिंतीवर लावायचं पोस्टर ए-३ पेक्षा लहान नको. क्यूआर कोडची बाजू वाचण्याच्या अंतराच्या दहाव्या हिश्शाइतकी धरायची: दोन मीटरवरून वाचायचा असेल तर वीस सेंटिमीटर. भोवती पांढरी मोकळी चौकट हवी, आणि छापण्याआधी नमुना प्रत भिंतीला चिकटवून जुन्यातल्या जुन्या फोनने वाचून बघायचा. पोस्टरचं काम मन लावून केलं तर त्यातून क्लबची ओळख कशी तयार होते, हे बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या लुईस क्लबची पोस्टरं बघावीत. घरच्या मैदानावरच्या मॅचसाठी त्यांनी काढलेली कल्पक पोस्टरं क्लबबाहेरचे लोकही आवडीने जमवतात. याच क्लबने २०१७मध्ये पुरुष आणि महिला संघांना समान मानधन द्यायचं ठरवलं आणि ते ठळकपणे सांगितलं. सांगण्यासारखं काहीतरी आधी केलेलं असलं की प्रसिद्धी सोपी जाते.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर, कारण स्थानिक क्लबला फोटोइतकं स्वस्त आणि परिणामकारक साधन दुसरं नाही. प्रेक्षकांच्या बाजूने उभं राहून काढलेल्या फोटोत हिरवं मैदान आणि त्यावर मुंगीएवढे खेळाडू येतात. रेफ्रींना विचारून गोलरेषेच्या मागे, गोल आणि कोपऱ्याचा झेंडा यांच्या मधे जाऊन गुडघ्यावर बसायचं. कॅमेरा खाली गेला की खेळाडू उंच दिसतो आणि मागे गवताऐवजी प्रेक्षक येतात. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतोय त्या बाजूला बसायचं, म्हणजे खेळाडूंचे चेहरे समोर येतात. मध्यंतरानंतर बाजू बदलायची. सूर्य शक्यतो पाठीमागे. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग सेकंदाच्या एक हजारांशावर, अगदी उजेड कमी असेल तर पाचशेव्या भागापर्यंत. त्याखाली पाय आणि चेंडू फरफटलेले येतात. फोनने काढणार असाल तर डिजिटल झूम करू नका, चित्र फुटतं. त्यापेक्षा खेळ जवळ येण्याची वाट बघा, किंवा खेळ सोडून बाकीचं टिपा: गोलनंतरची मिठी, बाकावरचा ताण, खांद्यावर बसलेलं पोर, मैदानाभोवतीच्या दोरीला टेकलेले जुने प्रेक्षक. असे प्रेक्षकांचे फोटो आमच्या अनुभवात गोलच्या फोटोंपेक्षा जास्त फिरतात, कारण त्यात दिसणारा प्रत्येक माणूस तो फोटो आपल्या घरच्यांना पाठवतो.

इथेच स्थानिक क्लबची खरी ताकद आहे. संघात वीस खेळाडू असतील तर त्यांचे आईवडील, भावंडं, मित्र, जुने शिक्षक हे पहिले समर्थक. म्हणून प्रत्येक खेळाडूला मॅचनंतर त्याचा एक तरी चांगला फोटो मिळाला पाहिजे, बदली गोलकीपरलासुद्धा. कॅप्शनमध्ये पूर्ण नाव, बरोबर लिहिलेलं. नाव चुकलं तर ते कुटुंब ती पोस्ट शेअर करत नाही, आणि तो सल बरेच दिवस राहतो. हंगामाआधी प्रत्येकाकडून त्याचं नाव त्याच्याच हाताने लिहून घ्यायचं, टोपणनाव आणि जर्सीच्या क्रमांकासह. अठरा वर्षांखालील मुलांचे फोटो टाकायला पालकांची लेखी संमती घ्यायची आणि मुलाचं पूर्ण नाव, शाळा व सरावाची वेळ एकाच पोस्टमध्ये कधीही एकत्र लिहायची नाही. कोणी नाही म्हटलं तर त्या मुलाचं नाव फोटो काढणाऱ्याच्या यादीत आधीच असायला हवं.

व्हिडिओ उभा, नऊ बाय सोळा या प्रमाणात. मजकूर चित्राच्या मधल्या भागात ठेवायचा. वरचा आणि खालचा भाग अ‍ॅपच्या बटणांखाली आणि कॅप्शनखाली झाकला जातो. गोल दाखवायचा तर चेंडू जाळीत जाण्याच्या चार-पाच सेकंद आधीपासून, आधीचे वीस पास नकोत. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून स्कोअर आणि गोल करणाऱ्याचं नाव पडद्यावर लिहायचं. लोकप्रिय गाणी लावायचा मोह आवरावा: इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्यांना बरीचशी गाणी मुळात वापरता येत नाहीत आणि हक्काच्या तक्रारीवरून व्हिडिओ मुका होतो. मैदानावरचा खरा आवाज, प्रेक्षकांची ओरड, जास्त परिणाम करतो. हक्काचा प्रश्न जर्सीवरच्या चित्रालाही लागू असतो. डब्लिनच्या बोहेमियन या सभासदांच्या मालकीच्या क्लबने २०१९च्या हंगामासाठी गायक बॉब मार्लेचं चित्र असलेली जर्सी जाहीर केली होती. क्लबच्या मैदानावर मार्लेचा १९८०मध्ये कार्यक्रम झाला होता, कल्पना गावाच्या आठवणीशी जुळणारी होती आणि जगभर गाजली. पण चित्राच्या परवानगीवरून आक्षेप आला आणि त्या जागी वळलेली मूठ घ्यावी लागली. फोटो पुरवणाऱ्याची परवानगी आणि फोटोतल्या व्यक्तीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थेट प्रक्षेपणाला आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. चांगलं झालं तर दूर गेलेले जुने चाहते जोडले राहतात, वाईट झालं तर क्लबचं हसं होतं. यूट्यूबवर फोनवरून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ते मॅचच्या सकाळी करायचं काम नाही. फोन मधल्या रेषेच्या समोर, जमेल तितक्या उंचीवर, तिपाईवर. पॉवर बँक जोडलेली, फोन सावलीत. उन्हात तापला की मध्येच बंद पडतो. अपलोडचा वेग मैदान रिकामं असताना मोजून उपयोग नाही, गर्दी जमली की नेटवर्क खाली येतं.

एवढं सगळं करून माणूस मैदानावर आला, की पुढचं काम मैदानाचं. पहिल्यांदा आलेल्याला कुठे बसायचं, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे हे विचारावं लागू नये. दारात हसतमुख माणूस हवा, ज्याला खेळाडूंची नावं आणि शेवटच्या दोन-तीन निकालांची माहिती आहे. दारातच एक कागद द्यायचा: एका बाजूला दोन्ही संघांचे क्रमांक आणि नावं, दुसऱ्या बाजूला पुढच्या तीन घरच्या मॅचेस. क्रमांकावरून नाव कळलं की अनोळखी माणूसही दहा मिनिटांत कोणाची तरी बाजू घ्यायला लागतो. ध्वनिक्षेपकावर गोल करणाऱ्याचं नाव सांगायचं, बदली झाली की दोन्ही नावं. खेळ सुरू असताना मात्र सतत बोलत राहायचं नाही.

मध्यंतर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ मिनिटांचं. त्यातली पहिली दोन आणि शेवटची तीन मिनिटं सोडली तर हातात दहा उरतात. त्यात भाषण, सत्कार आणि मुलांच्या पेनल्टी किक हे सगळं कोंबलं की दुसऱ्या हाफला उशीर होतो आणि रेफ्रींशी वाद. आम्ही फक्त पेनल्टी किक घेतो: दहा मुलं, प्रत्येकी एक किक, गोलमध्ये क्लबचाच ज्युनियर गोलकीपर. मुलांची नावं मॅचच्या आधी नोंदवून घेतलेली. सत्कार करायचेच तर मॅच सुरू होण्याआधी. आणि शेवटच्या शिट्टीनंतर संघाने ड्रेसिंग रूमकडे जाण्याआधी दोरीपाशी येऊन लोकांना भेटायचं, जिंकलो तरी आणि हरलो तरी. मोठ्या क्लबच्या चाहत्याला जे कधीच मिळत नाही ते स्थानिक क्लब दर आठवड्याला देऊ शकतो: गोल करणाऱ्याशी पाच मिनिटांनी प्रत्यक्ष बोलणं. प्रशिक्षकांना हे आधीच पटवून ठेवावं लागतं.

मोठ्या क्लबशी स्पर्धा करायची नाही, त्यांच्या मोकळ्या दिवसांचा फायदा घ्यायचा. इंग्लंडमध्ये २०१०पासून ‘नॉन-लीग डे’ याच विचाराने भरतो: आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे वरच्या दोन विभागांना सुट्टी असते त्या दिवशी लोकांना जवळच्या छोट्या क्लबची मॅच बघायला बोलावतात. हंगामाचं वेळापत्रक हातात आलं की टीव्हीवर मोठी मॅच कधी नाही हे बघून आपली सवलतीची किंवा मोफत प्रवेशाची मॅच त्या दिवशी ठेवावी. मोफत प्रवेश मात्र दरवेळी नको. मोफत पासवर नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायचा, निरोप पाठवायला संमती आहे का तेही विचारायचं, आणि तीन-चार दिवसांत त्या माणसाला पुढच्या मॅचचं बोलावणं गेलं पाहिजे. नाहीतर एका दिवसाची गर्दी जमते आणि विरते.

वर्तमानपत्राला बातमी त्याच संध्याकाळी, दीडशे शब्दांत: पहिल्या वाक्यात निकाल आणि स्पर्धेचं नाव, मग गोल करणारे आणि मिनिटं, शेवटी पुढची मॅच. सोबत दोन फोटो आणि डावीकडून उजवीकडे नावं. दुसऱ्या दिवशी पाठवलेली बातमी बहुतेक वेळा वाया जाते.

लाइक्स मोजून समाधान मानू नये. मोजायचे ते मैदानावरचे लोक. किक-ऑफच्या क्षणी लोक अजून येत असतात, म्हणून विसाव्या मिनिटाला, हातातल्या मोजणी यंत्राने, दर मॅचला त्याच माणसाने मोजायचं. शेजारी हवामान, वार, वेळ, प्रतिस्पर्धी यांची नोंद, कारण पावसातल्या मॅचची तुलना उन्हातल्या डर्बीशी, म्हणजे शेजारच्या संघाविरुद्धच्या मॅचशी, केली तर चुकीचा निष्कर्ष निघतो. दारात एकच प्रश्न: मॅचचं कुठून कळलं? पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप, ओळखीचं कोणी, किंवा इतर. वेगवेगळ्या ठिकाणच्या पोस्टरवर वेगळा क्यूआर कोड दिला तर कोणती भिंत उपयोगाची हेही कळतं. ‘ओळखीचं कोणी’ हे उत्तर जवळजवळ नेहमी पुढे असतं, आणि म्हणूनच येणाऱ्याला सोबत आणखी एकाला आणण्याचं निमित्त देणं ही जाहिरातीवर पैसे घालवण्यापेक्षा चांगली गुंतवणूक ठरते.

चाहत्यांना केवळ प्रेक्षक न ठेवता क्लबमध्ये घेतलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण लंडनमधल्या एएफसी विम्बल्डन या क्लबचं आहे. आपला क्लब दुसऱ्या शहरात नेण्याला परवानगी मिळाल्यावर २००२मध्ये चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला, खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनवर खुली चाचणी घेतली आणि २०११मध्ये तो इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. प्रत्येक क्लबला एवढं करायचं नसतं, पण सभासदांना खरे निर्णय द्यावेत: बाहेरच्या मॅचच्या जर्सीचा रंग, हंगामातला उत्कृष्ट खेळाडू, ध्वजावरची ओळ. मतदान घेतलं की निकाल पाळायचा. कौल घेऊन समितीने भलताच रंग निवडला तर पुढच्या मतदानाला कोणी येत नाही.

खात्यांची व्यवस्था रुक्ष वाटते, पण क्लबचं पेज कायमचं हातातून जाण्याचं नेहमीचं कारण तेच असतं: पेज कोणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर उघडलेलं, तो माणूस गाव सोडून जातो, नंबर बंद होतो. क्लबचा स्वतःचा ईमेल, क्लबचं सिम, प्रत्येक पेजला किमान दोन अ‍ॅडमिन, दुहेरी पडताळणी सुरू आणि तिचे बॅकअप कोड कागदावर, क्लबच्या कपाटात.

हंगाम संपला की पेज मरू द्यायचं नाही, पण रोज काहीतरी टाकायचीही गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरतं: गोलसमोरच्या उखडलेल्या जागेत नवीन गवत लावतानाचे फोटो, कायम ठेवलेल्या आणि निरोप घेतलेल्या खेळाडूंची नावं, लहान मुलांच्या नावनोंदणीची तारीख. वर्षभराचे फोटो तारीख आणि प्रतिस्पर्ध्याच्या नावाने फोल्डरमध्ये लावून ठेवायचे, कारण पुढच्या हंगामात तोच संघ पुन्हा समोर येतो तेव्हा मागच्या मॅचचा फोटो लगेच हाताशी लागतो. नवीन वेळापत्रक संघटनेकडून अंतिम होऊन आलं की त्याच दिवशी ते कॅलेंडरमध्ये भरायचं, आणि पिन केलेली पोस्ट बदलायची.